रक्ताचा दाखला आणि पावाचा तुकडा

युरोपीय वाङ्मयाचा इतिहास आपल्या महाविद्यालयांतून शिकवला जातो तो वादांच्या नावांनी. प्रबोधन, अभिजातवाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, अतिवास्तववाद ही नावे ओळीने येतात आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, कलावंतांची अभिरुची बदलली म्हणून वाङ्मय बदलले. एका पिढीला जुन्या लेखनाचा कंटाळा आला, दुसऱ्या पिढीने नवे काढले. त्या काळात कोण उपाशी होते, कोणाला कुळ विचारले जात होते, कोणाच्या पुस्तकावर बंदी आली, हे प्रश्न या इतिहासात फारसे येत नाहीत.

स्पेनचे उदाहरण घेऊ. सोळाव्या आणि सतराव्या शतकाला स्पॅनिश वाङ्मयाचे 'सुवर्णयुग' म्हणतात. या युगाने जगाला आधुनिक कादंबरी दिली, हे खरेच आहे. परंतु हे सोने कोणत्या भट्टीतून निघाले, ते पाहिल्याशिवाय त्या नावाला काही अर्थ नाही.

१३९१ साली सेव्हिल शहरात ज्यूंच्या वस्तीवर हल्ला झाला आणि ते लोण देशभर पसरले. हजारो ज्यूंनी जीव वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. त्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना 'कोन्व्हेर्सो', म्हणजे धर्मांतरित, म्हणत. बाप्तिस्म्याने माणूस नवा होतो, असे चर्चच सांगत होते. तेव्हा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही. या नव्या ख्रिस्त्यांतील काही जण वकिलीत, वैद्यकीत, नगरकारभारात पुढे आले, तसे जुन्या ख्रिस्त्यांच्या पोटात दुखू लागले. १४४९ साली तोलेदो शहरात सक्तीच्या सरकारी कर्जावरून दंगल पेटली आणि दंगलीच्या पुढाऱ्यांनी फर्मान काढले की, ज्यू वंशाच्या कोणाही ख्रिस्त्याला शहरात अधिकारपद मिळणार नाही. पोप पाचवे निकोलस यांनी त्याच वर्षी या फर्मानाचा निषेध केला. पण विष पसरायचे ते पसरले. पुढच्या शंभर वर्षांत एकामागून एक विद्यालये, धर्मसंघ आणि सरदारांचे पंथ 'रक्तशुद्धी'चे नियम करू लागले. उमेदवाराने वंशावळ द्यायची. चौकशी करणाऱ्यांनी त्याच्या पूर्वजांच्या गावी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबान्या घ्यायच्या. आजोबांचा धर्म कोणता होता, यावर नातवाची लायकी ठरायची.

१५४७ साली तोलेदोच्या मुख्य चर्चमध्ये हा नियम आणणारा आर्चबिशप सिलिसेओ हा स्वतः गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. त्याच्याकडे कुलीनपणा नव्हता, पण 'शुद्ध' रक्त होते, आणि तेवढ्यावर तो विद्वान कोन्व्हेर्सोला खाली ढकलू शकत होता. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचे मर्म हेच आहे. वरच्याच्या लाथा खाणाऱ्यालाही कोणीतरी खालचा मिळाला की तो व्यवस्थेचा राखणदार होतो.

१४८० साली सेव्हिलमध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मचौकशीचे, काम सुरू झाले. १४९२ साली उरलेल्या ज्यूंना देशाबाहेर काढण्यात आले. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले पूर्वीचे मुसलमान, सुमारे तीन लाखांच्या संख्येने हाकलले गेले. तेही ख्रिस्तीच होते. सुवर्णयुगाची ही चौकट आहे.

आता या चौकटीतले लेखक पाहा. 'ला सेलेस्तीना' ही कुंटणीची अजरामर नाट्यकथा १४९९ साली छापली गेली. तिचा लेखक फेर्नांदो दे रोखास कोन्व्हेर्सो होता. १५२५ साली इन्क्विझिशनने त्याच्या सासऱ्याला पकडले. सासऱ्याने वकील म्हणून जावयाचे नाव सुचवले, तर रोखासच्या वंशामुळे ते नाकारण्यात आले. कवी आणि प्राध्यापक लुईस दे लेओन याचे पूर्वज धर्मांतरित होते. १५७२ ते १५७६ अशी सुमारे पाच वर्षे तो इन्क्विझिशनच्या कोठडीत होता. बायबलमधील एका ग्रंथाचे लोकभाषेत भाषांतर केले, हा त्याच्यावरील आरोपांपैकी एक. संत तेरेसा ही स्पॅनिश गद्याची एक निर्माती. तिच्या आजोबांना १४८५ साली तोलेदोत प्रायश्चित्ताचा झगा घालून मिरवणुकीत चालावे लागले होते. ही कागदपत्रे उजेडात यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. साडेतीनशे वर्षे चरित्रकार तिचे कुळ थोर असल्याचेच सांगत होते.

याच काळात १५५४ साली एक छोटेसे पुस्तक निघाले, 'लाझारिल्यो दे तोर्मेस'. लेखकाचे नाव नाही. नावे अनेक सुचवली गेली, सिद्ध एकही झालेले नाही. सालामांकाजवळ नदीवरच्या गिरणीत जन्मलेला लाझारो नावाचा पोर स्वतःची हकिगत सांगतो. राजपुत्र, संत आणि मेंढपाळांच्या वेषातले सरदार ज्या वाङ्मयात मिरवत होते, तिथे एका गिरणीवाल्याचा पोर 'मी' म्हणून उभा राहतो आणि बोलतो ते भुकेबद्दल.

आई त्याला एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली करते. हा धनी त्याचे डोके दगडी बैलावर आपटून त्याला जगाची पहिली शिकवण देतो. दुसरा धनी पाद्री. तो पाव पेटीत कुलूप लावून ठेवतो. पोर उंदरांचे नाव करून पाव कुरतडतो आणि शेवटी मार खाऊन रस्त्यावर येतो. तिसरा धनी तोलेदोचा कुलीन गृहस्थ. कमरेला तलवार, अंगावर झगा, घरात दाणा नाही. काम करणे प्रतिष्ठेला शोभत नाही. दारात उभा राहून तो काडीने दात कोरतो, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावे की जेवण झाले. अखेर पोर भीक मागून आणतो आणि धन्याला खायला घालतो. उच्च कुळ कोणाच्या जिवावर जगते, याचे इतके उघडे चित्र त्याआधीच्या युरोपीय वाङ्मयात क्वचितच सापडेल.

पुस्तकाच्या सुरुवातीला आणखी एक प्रसंग आहे. लाझारोची विधवा आई एका काळ्या मोतद्दाराबरोबर राहू लागते. तो घरी पाव आणि मांस आणतो. त्यांना झालेले काळे मूल बापाच्या काळ्या रंगाला भिऊन आईकडे पळते. लाझारो मनाशी म्हणतो की, स्वतःला न पाहिल्यामुळे दुसऱ्यापासून पळणारे असे किती तरी लोक जगात असतील. रक्तशुद्धीच्या देशात हे वाक्य निरागस नव्हते. पुढे चोरीच्या आरोपावरून त्या मोतद्दाराला फटके मारून अंगावर उकळती चरबी टाकतात. चर्चमधले लोक चोरतात त्याचे कोणाला काही वाटत नाही, हेही पोर सांगून टाकतो.

१५५९ साली इन्क्विझिशनने या पुस्तकाला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. १५७३ साली काटछाट केलेली आवृत्ती निघाली. १९९२ साली बार्कारोता या गावी एका जुन्या घराची दुरुस्ती चालू असताना भिंतीत दडवलेली पुस्तके सापडली. त्यांत १५५४ची, तोवर कोणालाच ठाऊक नसलेली 'लाझारिल्यो'ची एक आवृत्ती होती. कोणीतरी ती फेकली नाही, जाळली नाही, भिंतीत चिणून ठेवली. वाचकाचे हे धाडसही वाङ्मयाच्या इतिहासात मोजले पाहिजे.

सेर्वांतेसने 'दोन किहोते' १६०५ आणि १६१५ साली दोन भागांत लिहिली. तिच्यातला सांचो पांझा अडाणी आणि गरीब आहे, तरी आपण जुने ख्रिस्ती असल्याची फुशारकी मारतो. परंतु या रोगावर सेर्वांतेसचा नेमका घाव पाहायचा तर १६१५ साली छापलेली त्याची एक छोटी प्रहसनिका वाचावी. दोन ठक एका गावात येऊन जादूचा खेळ लावतात. अट अशी की, ज्याच्यात धर्मांतरिताचे रक्त आहे किंवा जो अनौरस आहे, त्याला खेळातले काहीच दिसणार नाही. पडद्यावर खरोखर काहीच नसते. गावचे सगळे मानकरी मात्र बैल, उंदीर, पाऊस पाहिल्याचे सांगतात, किंचाळतात, पळतात. एक लष्करी अंमलदार येतो. त्याला काही दिसत नाही आणि तो तसे म्हणतो. लगेच सगळे ओरडतात, हा 'त्यांच्यातला' आहे! शुद्धता ही कोणालाही न दिसणारी, पण सर्वांनी पाहिल्याचे सोंग करायची गोष्ट आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

हे सारे ग्रंथ अभ्यासक्रमात होते, तरी त्यामागचे रक्ताचे राजकारण दीर्घकाळ झाकलेले राहिले. यादवी युद्धामुळे देश सोडावा लागलेले संशोधक अमेरिको कास्त्रो यांनी १९४८ साली ब्वेनोस आयरेस येथे ग्रंथ प्रसिद्ध करून मांडले की, स्पेन घडला तो ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू यांच्या सहवासातून आणि संघर्षातून. या तीन समाजांना त्यांनी शब्द वापरला 'कास्ता'. हाच शब्द सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या जातींना लावला आणि त्यावरून इंग्रजीतला 'कास्ट' आला. इन्क्विझिशनही १५६० साली गोव्यात पोहोचले होते. कास्त्रोंवर कडक टीका झाली, त्यांची काही अनुमाने वादग्रस्तही आहेत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पुन्हा पुरता आला नाही.

एक प्रश्न मात्र राहतोच. लाझारोची भूक लिहिली कोणी? पुस्तकातला 'मी' उपाशी पोराचा असला, तरी लेखणी शिकलेल्या माणसाची होती. गिरणीवाल्याच्या पोराने स्वतः लिहावे, यासाठी स्पेनला जवळजवळ चारशे वर्षे लागली. मिगेल एर्नांदेस १९१० साली ओरिवेला गावी जन्मला. वडील शेळ्यांचा धंदा करीत. त्यांनी मुलाला शाळेतून काढून शेळ्यांमागे धाडले. त्या काळी '२७ची पिढी' गाजत होती. १९२७ साली गोंगोरा या सतराव्या शतकातल्या दुर्बोध कवीची त्रिशताब्दी तिने साजरी केली होती, त्यावरून हे नाव. एर्नांदेसचा १९३३चा पहिला संग्रह त्याच वळणाचा आहे. साध्या गोष्टी कूटप्रश्नांसारख्या लपवलेल्या, छंद घट्ट. मलाही तुमची भाषा येते, हे शेळ्या राखणारा पोर जणू दाखवून देत होता. त्याला स्वतःचा आवाज सापडला तो यादवी युद्धात, सैनिकांसमोर कविता म्हणताना. १९३७चा त्याचा संग्रह त्या आवाजाचा आहे. लोर्काने १९२८ साली जिप्सींवर अप्रतिम कविता लिहिल्या, १९३६ साली तो मारला गेला, त्याच्याबद्दल आदरच आहे. परंतु लोर्का सधन जमीनदाराचा मुलगा होता. एर्नांदेसला भूक शोधायला बाहेर जावे लागले नाही.

१९३९ साली तो पकडला गेला. तुरुंगात पत्नीचे पत्र आले की, घरी पाव आणि कांद्याशिवाय खायला काही नाही. त्यावर त्याने तान्ह्या मुलासाठी अंगाई लिहिली. फाशीची शिक्षा तीस वर्षांच्या कैदेवर आली. २८ मार्च १९४२ रोजी आलिकांतेच्या तुरुंगात क्षयाने तो मेला. वय एकतीस.

स्पेनची रक्तशुद्धी आणि आपली जात एकच आहे, असे मी म्हणत नाही. तिथे डाग लपलेला होता म्हणून शोधावा लागे. आपल्याकडे तो वस्तीवर, आडनावावर, पाणवठ्यावर उघड लिहिलेला होता. तिथले धर्मांतर बहुतांशी धाकाने झाले. १९५६चे आपले धर्मांतर स्वाभिमानाने झाले. परंतु धर्म बदलल्यावरही 'मूळचे कोण?' हा प्रश्न विचारणाऱ्याची जिज्ञासा दोन्हीकडे एकाच गोत्राची आहे.

आपल्या आत्मकथनांना पाश्चात्त्य वास्तववादाची फुटपट्टी लावणाऱ्या समीक्षकांना एवढेच सांगावेसे वाटते की, त्या वादाच्या मुळाशी जाऊन पाहा. तिथे पेटीतला पाव कुरतडणारा एक पोर बसलेला आढळेल. आणि आपल्या लिहिणाऱ्या मुलांना सांगायचे ते एर्नांदेसच्या उदाहरणाने. प्रस्थापितांची भाषा जरूर शिका, पण शेळ्या लपवू नका.