मच्छरदाणीतून आलेली जाळी

चिखला हे तुमसर तालुक्यातलं मँगनीज खाणीचं गाव. आसपास धानाची शेती. ओझं उचलून पोट भरणाऱ्या अशा मुलखात हर्नियाचं ऑपरेशन म्हटलं की दोन काळज्या लागतात: खर्च किती, आणि टाके टिकतील का?

टाक्यांची काळजी जुनी आहे. इटलीच्या एदुआर्दो बास्सिनी यांनी 1880च्या दशकात जांघेतल्या हर्नियाची पद्धतशीर शस्त्रक्रिया घालून दिली, पण तिच्यात स्नायू ओढून शिवावे लागत. ताणलेली शिवण पुढे उसवे. पोटावरच्या जुन्या टाक्यांतून उगवणारा हर्निया तर अधिकच हट्टी. त्यावर अमेरिकी सर्जन फ्रान्सिस अशर यांनी 1958 मध्ये पॉलिथिलीनची विणलेली जाळी वापरली. मग पॉलिप्रॉपिलीनची आली. जाळीच्या छिद्रांतून शरीराच्याच पेशी वाढतात आणि पोटाची भिंत न ताणता सांधली जाते.

पण ही जाळी महाग. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी त्याच कुळातलं साधं कापड निवडलं: मच्छरदाणीचं! कीटकनाशक न लावलेलं कापड धुऊन, तुकडे कापून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून वापरायचं. 2003 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 359 हर्नियांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात अशाच जाळीची चाचणी झाली; तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले, तेव्हा वर्षभरानंतरही मच्छरदाणीची जाळी महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. खानदेशातल्या तालुक्याच्या पातळीवरच्या सर्जनने जगाला दिलेली ही देणगी फार मोलाची आहे.

अर्थात जाळी हा अमरपट्टा नव्हे. क्वचित तिच्यात जंतुसंसर्ग होतो. कधी ती आतड्याला चिकटते आणि वर्षांनंतर आत घुसते. त्याहून विरळा प्रसंग म्हणजे जुन्या टाक्यांवरचा मोठा हर्निया फाटणं. दुर्लक्ष झालं की वरची कातडी कागदासारखी पातळ होते, खोकल्याची उबळ येते आणि आतडं बाहेर पडतं. ते हाताने आत ढकलू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापड भिजवून त्याने झाकावं, रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये, लगेच 108 ला फोन लावावा.

आतडं अडकण्याची वेळ मात्र इतकी विरळा नाही. फुगवटा टणक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. शेक, चोळणं काही करू नका. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता सर्जन असलेलं रुग्णालय गाठा.