पहिले पान फाटलेली पुस्तके

जुन्या पुस्तकांविषयी विट्यात बोलणं तसं सोपं आहे. सराफाच्या दुकानातल्या केरातून सोनं वेगळं काढणारी गलाईची माणसं या गावानं देशभर पाठवली. रद्दीच्या काट्यावर पुस्तक किलोनं जातं तेव्हा काय जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आज आपण १९०० ते १९३० या काळातली मराठी पुस्तकं घेऊ. ती जमवणं हे अर्धंच काम, खरी मेहनत लेखक शोधण्यात आहे. याच काळातली पुस्तकं जमवणाऱ्या जपानी संग्राहकांना एक सोय असते. तिथे पुस्तकाच्या शेवटी एक पान असतं, त्यावर लेखक, प्रकाशक, छापणारा, पत्ते, छपाईची तारीख. पुष्कळदा लेखकाचा शिक्का उमटवलेला कागदाचा तुकडाही चिकटवलेला. आपल्याकडे बहुतेक माहिती पहिल्या पानावर, आणि नेमकं तेच पान आधी फाटतं!

पण आपल्याकडेही एक धागा आहे. १८६७ च्या कायद्यानं पुस्तकावर छापखान्याचं आणि प्रकाशकाचं नाव व ठिकाण छापणं सक्तीचं केलं. लेखकाचं नाव मात्र सक्तीचं नव्हतं. म्हणून ‘एक ब्राह्मण’, ‘एक देशभक्त’ अशा नावांमागे लोक लपू शकत. छापखाना लपू शकत नव्हता. त्यामुळे आपण शोध छापखान्यापासून सुरू करायचा. साल शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९.

सालाचं पानच नसेल तर? आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. ‘स्वाध्याय मंडळ, औंध (जि. सातारा)’ असं छापलेलं पुस्तक हाती आलं, तर ते १९१८ ते १९४८ मधलं. पुढे मंडळ गुजरातेत पारडीला गेलं. ठिकाण वाचलं की काळ कळतो. आपल्या जिल्ह्याचंही तेच: १९४९ पर्यंत विटे सातारा जिल्ह्यात, मग दक्षिण सातारा, आणि १९६० पासून सांगली.

आता हे मंडळ काढणारे श्रीपाद दामोदर सातवळेकर. आपल्याला माहीत असतात ते वेदांचे भाष्यकार, फार तर शंभरी गाठलेले. पण हा माणूस मुळात चित्रकार. जन्म १८६७ चा, सावंतवाडीकडचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, पोटापाण्याचा धंदा हैदराबादेत आणि लाहोरात चित्रांचा. त्यांनी अथर्ववेदातल्या भूमिसूक्तावर ‘वैदिक राष्ट्रगीत’ हे छोटं पुस्तक लिहिलं आणि सरकारनं ते जप्त केलं. वैदिक प्रार्थनांवरचा त्यांचा लेख कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्ता’त आला, त्यापायी १९०८ मध्ये संपादक विष्णु गोविंद विजापूरकरांवर खटला झाला, शिक्षा झाली. सातवळेकरही तुरुंगात गेले. अर्थ सांगितला वेदाचा, आणि सरकारला त्यात राजद्रोह दिसला. आमच्या मते सरकारनं तो लेख बरोबर वाचला होता.

तर औंधला पुढे छापलेल्या जाडजूड ग्रंथांवरून हा तरुण सातवळेकर दिसत नाही. तो दिसतो त्या जप्त पुस्तकात, आणि जप्त पुस्तकं टिकतात ती कुणीतरी धान्याच्या कणगीत, देव्हाऱ्यामागे लपवली म्हणून. त्यांना आश्रय देणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ चं. आटपाडी तर त्यांच्याच संस्थानात होती, त्यामुळे तिकडच्या जुन्या वाड्यांत औंधची छपाई सापडली तर नवल वाटायला नको.

सापडलेलं पुस्तक ताडून पाहायला शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. पहिला खंड १८०० ते १९३७ चा, दुसरा १९५० पर्यंतचा. शिवाय त्याच १८६७ च्या कायद्यामुळे सरकार दर तिमाहीला नव्या पुस्तकांची यादी छापी. तीत प्रती किती, किंमत किती, हक्क कुणाकडे, हेही असे. टोपणनावामागचा माणूस कधी कधी त्या हक्काच्या रकान्यात सापडतो.

तेव्हा घरची जुनी पेटी रद्दीत घालण्याआधी एवढं करा. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं छापील पान पाहा, आणि छापखान्याची ओळ मोबाईलवर टिपून ठेवा. कव्हर नसलं तरी चालेल.