बैठकीला कोण कोण होतं? – स्थानिक शांतता-उभारणीच्या अभ्यासाची प्रस्तावना

या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाने सुरुवात वजीरपासून करावी, असं मला वाटतं. 1990 च्या दशकात वजीर हा केनियाच्या ईशान्येचा जिल्हा होता. पूर्वेला सोमालिया, उत्तरेला इथिओपिया. पाऊस थोडा, विहिरींवर सगळी भिस्त. वस्ती मुख्यतः सोमाली पशुपालकांची, आणि त्यांत अजुरान, देगोदिया, ओगादेन ही प्रमुख कुळं. डिसेंबर 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला आणि त्याच महिन्यात या भागावर आणीबाणी आली. ती जवळपास तीन दशकं राहिली. फेब्रुवारी 1984 मध्ये सुरक्षा दलांनी देगोदिया पुरुषांना वगल्लाच्या धावपट्टीवर गोळा केलं. त्यांतले शेकडो जण मारले गेले. सरकार म्हणजे काय, याचा या लोकांना आलेला अनुभव असा होता.

1991 मध्ये सोमालियात सियाद बर्रेची राजवट कोसळली. निर्वासित आले, त्यांच्यामागून बंदुकाही आल्या. दुष्काळाने कळपच्या कळप संपवले. त्यातच 1992 ची बहुपक्षीय निवडणूक आली आणि मतदारसंघ कुठल्या कुळाचा, हा प्रश्न चराई कोणाची या जुन्या प्रश्नात मिसळला. पुढची तीनेक वर्षं कुळाकुळांत खून, लूट, बलात्कार चालू राहिले. हळूहळू भांडण वजीर गावाच्या बाजारात शिरलं. एका कुळाच्या बायका दुसऱ्या कुळाच्या बाईकडून दूध घेईनात, तिला माल विकेनात.

वजीरच्या देखा इब्राहिम अब्दी तेव्हा तरुण आई होत्या. 1993 मधल्या एका रात्री घराजवळ गोळीबार झाला आणि लेकराला घेऊन त्यांनी पलंगाखाली रात्र काढली. सकाळी त्यांच्या आईला आठवलं, की देखा लहान असताना तिनेही त्यांना असंच पलंगाखाली लपवलं होतं. एका घरातल्या दोन पिढ्या त्याच जागी लपल्या. देखांनी मग वेगवेगळ्या कुळांतल्या मैत्रिणींना गाठलं. त्यांनी ठरवलेली पहिली गोष्ट फार मोठी नव्हती: बाजार सर्वांना खुला राहील. कुठल्या बाईला कोणी हुसकावलं, तिच्याकडून माल घ्यायला नकार दिला, तर त्या नकार देणारीला समजावायला तिच्याच कुळातल्या बायका जातील. बाजार शांत झाला. मग त्या वडीलधाऱ्या मंडळींकडे गेल्या. 1993 मध्येच कुळांच्या ज्येष्ठांची बैठक भरली, एका लहान कुळाचा ज्येष्ठ मध्यस्थ झाला आणि शांततेचा अल-फतह जाहीरनामा निघाला. त्यानंतर बंदूक हाती असलेली पोरं, व्यापारी, इमाम, शेवटी सरकारी अधिकारी असे एकेक जण आत आणले गेले. 1995 मध्ये वजीर शांतता व विकास समिती जिल्ह्याच्या अधिकृत प्रशासनयंत्रणेत सामील झाली. कुठे जनावरं पळवली गेली, कोणी मारलं गेलं, की निरनिराळ्या कुळांच्या लोकांचं एक पथक तातडीने तिथे पोहोचायचं, म्हणजे सूड निघण्याआधी बोलणं सुरू व्हायचं. पुढे केनियाच्या इतर जिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या शांतता समित्यांना हाच नमुना मिळाला. देखांना 2007 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. 2011 मध्ये मोटार अपघातानंतर त्यांचं निधन झालं.

ही हकिकत अनेक ग्रंथांत येते, आणि ती सहसा धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. धैर्य होतंच. पण अभ्यासकाने थांबून विचारावं, की बायकांनाच हे का जमलं? सोमाली समाजात लग्न बहुधा आपल्या कुळाबाहेर होतं. म्हणजे बाईचे वडील-भाऊ एकीकडे, नवरा आणि मुलं दुसरीकडे. लढाई पेटली की दोन्ही बाजूंचे मृत्यू तिच्याच घरचे. दोन्हीकडे तिचा शब्द पोहोचतो, निरोप जातो, खबर कळते. आणि नेमक्या याच कारणासाठी ज्येष्ठांच्या बैठकीत तिला जागा नसते. तिची निष्ठा कुठल्या कुळाशी, याची खात्री नसते म्हणून. जे तिचं सामर्थ्य, त्याच्याच आधारे तिला बाहेर बसवलं जातं.

या विषयातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद यानंतरची आहे. 2001 मध्ये ईशान्य केनियातल्या समुदायांनी मोदोगाशे इथे जमून शांततेचे नियम ठरवले. त्यांत खुनाची भरपाईही ठरली: पुरुष मारला गेला तर शंभर उंट किंवा गाई, स्त्री मारली गेली तर पन्नास. समझोता खरा होता, त्याने जीव वाचले, सूडाची साखळी तुटायला मदत झाली. आणि ज्या प्रदेशात शांततेचं काम बायकांनी बाजारातून सुरू केलं होतं, तिथे शांततेच्या हिशेबात बाई अर्धी धरली गेली. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांतलं एक सोडून दुसरं धरणं हा मोह या क्षेत्रात सतत होतो.

या क्षेत्राचा ग्रंथव्यवहार तसा तरुण आहे. योहान गाल्टुंग यांनी 1970 च्या दशकात शांतता-उभारणीची संकल्पना मांडली. केवळ हिंसा नसणं आणि अन्याय नसणं यांतला फरक त्यांनी त्याआधीच दाखवला होता. 1992 नंतर संयुक्त राष्ट्रांनी ही भाषा उचलली. जॉन पॉल लेडेराक यांनी 1997 च्या ग्रंथात समाजाच्या तीन थरांचं चित्र काढलं आणि मधल्या थरातली माणसं, म्हणजे शिक्षक, धर्मगुरू, स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते, वर आणि खाली दोन्हीकडे पोहोचू शकतात, हे ठसवलं. सुरक्षा परिषदेचा स्त्रियांविषयीचा ठराव 1325 सन 2000 मधला, तरुणांविषयीचा 2250 सन 2015 मधला. सेवरीन ओतेसेर यांनी 2010 मध्ये काँगोबद्दल दाखवून दिलं, की जमिनीच्या आणि गावपातळीवरच्या सत्तेच्या भांडणांकडे बाहेरच्या शांतिदूतांनी दुर्लक्ष केलं, म्हणून राष्ट्रीय करार होऊनही पूर्व काँगो पेटत राहिला. एवढा आराखडा हाताशी असला की वाचन सुरू करायला पुरे.

मराठी वाचकाला मात्र आणखी एक दार आहे, आणि ते भिवंडीत उघडतं. यंत्रमागांचं हे गाव 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून हिंदू-मुसलमान दंगलीत पेटलं. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली. 1984 मध्ये ते पुन्हा पेटलं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. शांतता समित्या आपल्याकडे जुन्याच आहेत. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात पुढारी जमतात, चहा होतो, आवाहन निघतं. खोपडे यांनी दोन गोष्टी बदलल्या. समितीत पुढाऱ्यांऐवजी मोहल्ल्यातली साधी हिंदू आणि मुसलमान माणसं घेतली, आणि तणाव नसतानाही बैठका चालू ठेवल्या. किरकोळ तक्रारींसाठी एकमेकांची आणि पोलिसाची तोंडओळख झालेली असली, की अफवा आल्यावर कोणाला विचारायचं हे माहीत असतं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईतल्या दंगलींत सुमारे नऊशे माणसं मेली. भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांचं 2002 चं संशोधन हेच सांगतं: शेजारी म्हणून असलेली ओळख मोठ्या ताणात तुटते, संघटनेत एकत्र काम केल्याची ओळख अधिक टिकते.

पण 2006 मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला आणि दोन पोलीस शिपाई मारले गेले. अधिकाऱ्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली रचना त्याची बदली झाल्यावर कोणाची असते, हा प्रश्न भिवंडीने आपल्यापुढे ठेवला आहे. वजीरमध्ये काम बाजारातून निघून कचेरीत पोहोचलं, भिवंडीत ते कचेरीतून मोहल्ल्यात उतरलं. दोन्ही वाटांचे धोके वेगळे आहेत आणि त्यांची तुलना अजून पुरेशी झालेली नाही.

जे स्थानिक ते न्याय्यच, असं मानणाऱ्यांनी आपल्याच मातीकडे पाहावं. जातपंचायतीएवढी स्थानिक संस्था दुसरी कुठली? आपसात तंटे मिटवते, कोर्टाचा खर्च वाचवते, आणि जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या घरावर बहिष्कार टाकते. महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो याचमुळे. रुवांडाच्या गाचाचा न्यायालयांकडेही याच नजरेने पाहायला हवं. 1994 च्या वंशसंहारानंतर तुरुंग इतके भरले, की नेहमीच्या कोर्टांना ते खटले कित्येक पिढ्या पुरले असते. गावाने निवडलेल्या न्यायाधीशांपुढे, गवतावर बसून, सुमारे बारा हजार न्यायालयांनी जवळपास 19 लाख प्रकरणं 2012 पर्यंत निकाली काढली. कित्येकांना आपल्या माणसाचं प्रेत कुठे पुरलं आहे, ते तिथेच कळलं. पण विजयी झालेल्या बाजूच्या सैनिकांनी केलेले खून तिथे मांडता येत नव्हते. गवतावर सगळं गाव बसलेलं असायचं, तरी गावातल्या काहींच्या दुःखाला तिथे जागा नव्हती.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला माझं सांगणं असं, की कुठल्याही शांतता-प्रयोगाचा अहवाल हाती आला की आधी बैठकीला कोण कोण होतं ते पाहा. त्यांतलं कोण बोललं, कोण चहा देत होतं, कोणाला निरोपच गेला नव्हता. बैठकीला येण्यासाठी कोणाची दिवसाची मजुरी बुडाली आणि ती कोणी भरून दिली. इतिवृत्त कुठल्या भाषेत लिहिलं गेलं. या साध्या चौकशीतून जे हाती लागतं, ते पुष्कळदा सिद्धान्ताच्या पुस्तकांत नसतं.

आणि अशी चौकशी मराठीत करणाऱ्यांसाठी काम समोर पडलं आहे. भिवंडीच्या समित्यांत बसलेली माणसं, आणि 1993 नंतर सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या मोहल्ला कमिटी चळवळीतले स्त्री-पुरुष आता म्हातारे होत चालले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांशी कोणी टेपरेकॉर्डर घेऊन बोललेलं नाही. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांच्या घरी उर्दू, तेलुगू, हिंदी, मराठी बोलली जाते. त्या समित्यांत बायका किती होत्या, परप्रांतातून आलेला कामगार कितपत होता, हे त्यांनाच विचारावं लागेल. हे काम दोन-तीन वर्षांत सुरू झालं तर अजून वेळ आहे.