नर्मदा मानव

नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला मानवकुळातील प्राचीन जीवाश्म. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अरुण सोनकिया यांना तो ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशातील हथनोरा (जि. सीहोर) येथे नदीच्या उत्तर काठावर मिळाला. या संस्थेच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे.

गोटे व वाळू घट्ट होऊन बनलेल्या पिंडाश्माच्या थरात कवटीचा उजवा अर्धा भाग आणि डावीकडचा थोडा अंश रुतलेला होता; जबडा व दात नाहीत. भुवयांवरचा कंगोरा ठसठशीत आणि हाड जाड, ही जुनी लक्षणे. मेंदूचे आकारमान मात्र सुमारे १,१५५ ते १,४२१ घ. सेंमी. असावे, म्हणजे आधुनिक माणसाच्या पल्ल्यात पोचणारे. खरा पेच इथेच आहे. सोनकिया यांनी या जीवाश्माला ‘होमो इरेक्टस नर्मदेन्सिस’ असे नाव दिले. मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तो आदिम ‘होमो सेपियन्स’ ठरवला. पुढे काहींनी त्याची सांगड ‘होमो हायडेलबर्गेन्सिस’शी घातली. दातांविना आणि एकाच कवटीवरून यांपैकी कोणताही निवाडा अंतिम मानता येत नाही.

काळाबाबतही तीच अडचण. स्टेगोडॉन हत्ती व रानबैलांचे अवशेष आणि दगडी हातकुऱ्हाडी याच परिसरातील थरांत मिळतात, त्यावरून मध्य प्लाइस्टोसीन काळ सुचतो. पण नदी जुनी हाडे उकरून नव्या थरांत नेऊन टाकते, त्यामुळे थराचे वय हेच हाडाचे वय, असे धरता येत नाही. कवटीखेरीज हथनोऱ्यातच नंतर मानवशास्त्रज्ञ अनेक राम संख्यान यांना गळपट्टीची हाडे मिळाली.

नर्मदा मानवाला आपला थेट पूर्वज म्हणणे घाईचे आहे. आधुनिक मानवाचे सर्वांत जुने, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मोरोक्कोतील जेबेल इऱ्हूद येथे मिळाले असून त्याचा उगम आफ्रिकेत झाला, हे मत आज सर्वमान्य आहे. हथनोऱ्याचा मानव बहुधा नामशेष झालेल्या एखाद्या शाखेचा असावा. तरीही दक्षिण आशियाच्या मानवी इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे. महाराष्ट्रात नेवासे व बोरी येथे अश्युलियन (हातकुऱ्हाडींच्या परंपरेतील) हत्यारे मिळाली, ती घडवणाऱ्यांची हाडे मात्र नाहीत.

म्हणूनच नदीकाठच्या पिंडाश्मात दगडासारखे जड हाड दिसल्यास ते उपटू नये; जागेचे छायाचित्र घेऊन नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवावे.