नागपाड्यात भरलेला वर्ग

बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाचे अर्ज भरून झाले की हल्ली आपल्या घराघरांतून एक शब्द वारंवार कानी पडतो : इंटर्नशिप. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात तिला स्थान दिल्यापासून मुलांइतकीच पालकांनाही तिची काळजी लागली आहे. कुठे मिळेल, ओळखीचे कोण आहे, प्रमाणपत्र देतील ना, एवढ्यावर चर्चा संपते. तेथे मुलाला शिकवणार कोण, हे सहसा कुणी विचारीत नाही. मुंबईत मात्र हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला होता व त्याचे उत्तर शोधण्यासाठी काही माणसांनी आयुष्य वेचले होते. त्यांची आठवण करावी, असे आम्हांस वाटते.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाला प्राध्यापक म्हणून बोलावले. शहर आधी हिंडून, न्याहाळून समजून घ्यावे आणि मगच त्यात बदल सुचवावेत, ही गेडिस यांची शिकवण. परंतु पाहणे वेगळे आणि त्या वस्तीत काम करणे वेगळे.

ते काम घेऊन १९२५ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईत आले. अमेरिकन मराठी मिशनचे हे प्रॉटेस्टंट मिशनरी शिकागो विद्यापीठात शिकलेले होते. जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ मध्ये गरिबांच्या वस्तीत उभारलेले हल हाऊस त्याच शहरातले. मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस स्थापन केले. नागपाडा म्हणजे भायखळा आणि कामाठीपुरा यांच्या शेजारची दाटीवाटीची वस्ती. मुसलमान, हिंदू, यहुदी, ख्रिस्ती असे सारेच तेथे एका गल्लीत नांदत होते. या घराचे दार सर्वांना खुले होते आणि आत येणाऱ्याला धर्म बदलण्याची अट नव्हती. त्या काळच्या मिशनरी कार्यात ही गोष्ट लहान नव्हे.

सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने १९३६ मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर शाळा काढली, ती याच नागपाड्यात. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक आणि पहिल्या तुकडीत विद्यार्थी वीस. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ही सनावळी कुठेही वाचायला मिळेल. आमच्या मते या शाळेची खरी देणगी तिच्या वेळापत्रकात आहे.

समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्याचे साधारण दोन दिवस वर्गाबाहेर जातात. याला क्षेत्रकार्य म्हणतात. विद्यार्थ्याला रुग्णालय, बालगृह, शाळा किंवा झोपडपट्टी नेमून दिली जाते व वर्ष संपेपर्यंत तो तेथेच जातो. घरी परतल्यावर त्याने नोंद लिहायची : कोण भेटले, काय बोलणे झाले, आपण काय उत्तर दिले, आणि देताना आपल्या मनात काय आले. ही नोंद प्राध्यापकाने वाचायची आणि विद्यार्थ्याला एकट्याला समोर बसवून तिच्यावर बोलायचे. रुग्णाची बायको रडू लागली तेव्हा तू विषय का बदललास? दारुड्या बापाशी बोललास, पण आईला का विचारले नाहीस? असे प्रश्न पुस्तकात सापडत नाहीत. आमच्या परिचयातील कितीतरी जण सांगतात की परीक्षेपेक्षा या बैठकीची धास्ती अधिक असे. शिक्षकालाही हे सोपे नाही. एकेका विद्यार्थ्यासाठी त्याला दर आठवड्याला वेळ काढावा लागतो, आणि तो वेळ व्याख्यानांच्या हिशेबात फारसा दिसत नाही.

या शाळेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडले. आपल्या देशातील ते पहिले. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तीही देशात पहिलीच.

आपल्या कॅथलिक समाजाचा या कार्याशी थेट संबंध आला तो १९५५ मध्ये. डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनींनी न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन हे समाजकार्याचे महाविद्यालय सुरू केले. हा संघ १७९० साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटली असताना स्थापन झाला. त्यामुळे त्याच्या भगिनी प्रारंभापासून विशिष्ट झगा घालीत नाहीत. लोकांत लोकांसारखे राहून सेवा करायची, ही त्यांची रीत क्षेत्रकार्याला किती जवळची! लोकलने चर्चगेटला उतरून त्या वर्गांत बसलेल्या मुली आपल्याही घरांतल्या होत्या. आठवड्याचे दोन दिवस वस्तीत जायचे म्हटल्यावर काही आयांच्या पोटात गोळा येई, हेही आम्ही पाहिले आहे.

पण एक बाजू विद्यार्थ्यांच्या वहीत क्वचितच उतरते. जून-जुलैत आलेली ताई परीक्षा जवळ आली की निघून जाते. ज्या घरात तिने वर्षभर चहा घेतला, त्या घरातील बाई पुढच्या वर्षी नव्या मुलीला विचारते, "ती पहिली कुठं गेली?" आणि आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगते. गरिबाचे दुःख हे विद्यार्थ्याच्या सरावाचे साधन व्हावे काय? हा प्रश्न संस्थांनाही टोचत असला पाहिजे. टाटा संस्थेने विद्यार्थी आले-गेले तरी काम चालू राहील असे काही प्रकल्प उभे केले. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष त्यांपैकी एक. मारहाण सोसून तेथे आलेल्या स्त्रीला पगारी, प्रशिक्षित कार्यकर्ती भेटे आणि विद्यार्थी तिच्या शेजारी बसून शिके. १९९६ मध्ये मुलांसाठी १०९८ या दूरध्वनीची चाइल्डलाइन सुरू झाली, तीही याच संस्थेचा प्रकल्प म्हणून.

आजची इंटर्नशिप याच्याशी ताडून पाहावी. हजारो मुले एकदम बाहेर पाठवायची, तर तितके शिक्षक आणावे कोठून, ही महाविद्यालयांची अडचण आम्ही नाकारीत नाही. तरीही आमच्या धर्मग्रामातील एका मुलीची गोष्ट मनातून जात नाही. दोन महिने ती शहरातील एका कार्यालयात नावांच्या याद्या संगणकावर उतरवीत बसली. महाविद्यालयातून कुणी फिरकले नाही. प्रमाणपत्रावर ज्यांची सही आहे, त्यांना तिने एकदाही पाहिले नव्हते. रोज काय केलेस, काय शिकलीस, ते कुठे लिहून ठेवले आहेस का, असे आम्ही तिला विचारले. तसली वही ठेवायला तिला कुणी सांगितलेच नव्हते.