लाल कर्दळीची कुळकथा

नागपूरच्या घरगुती बागेत लाल फुलासाठी काय लावावे, असा प्रश्न निघाला की जास्वंदीच्या जोडीने कर्दळीचे नाव सहज पुढे येते. मात्र ‘लाल कर्दळ’ या एका नावाखाली रोपवाटिकांत जी रोपे मिळतात, ती प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या घराण्यांतील असतात आणि त्यांचे पूर्वज, त्यांची घडण व वैशाखाच्या उन्हापुढे तग धरण्याची त्यांची ताकद यांत मोठे अंतर असते. तिन्हींचा रंग लालच असल्यामुळे केवळ रंगावर भिस्त ठेवून केलेली निवड पुष्कळदा फसते. कोणती लाल कर्दळ कोठे लावावी, याचे उत्तर तिच्या कुळात सापडते.

कर्दळ (कॅना) ही कॅनेसी कुलातील एकमेव प्रजाती असून आले, हळद आणि केळ ज्या गणात मोडतात त्याच गणात तिचा समावेश होतो. ज्याला व्यवहारात कर्दळीचा कंद म्हणतात ते वस्तुतः मूलक्षोड, म्हणजे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड असते आणि त्याच्या प्रत्येक डोळ्यातून नवा धुमारा फुटतो. फुलाची रचना अधिकच विलक्षण आहे. तीन लहान संदले आणि त्यांच्या आतील तीन अरुंद, टोकदार पाकळ्या फुलाच्या तळाशी जवळजवळ दडून राहतात. डोळ्यांत भरणारा लाल पसारा हा वंध्य केसरदलांचा, म्हणजे पराग देण्याचे काम सोडून पाकळीसारख्या पसरलेल्या पुंकेसरांचा असतो. त्यांपैकी मागे वळलेल्या एकाला ओष्ठ असे म्हणतात. पराग देणारे केसरदल एकच असून त्याच्याही एकाच कडेला अर्धा परागकोश असतो, आणि त्यातील पराग कळी उमलण्यापूर्वीच शेजारच्या चपट्या किंजलावर, म्हणजे बीजांडकोशातून वर आलेल्या दांड्यावर, चिकटून बसतात. पुढे युरोपातील संकरकारांनी कर्दळीत जो पालट घडवला, तो मुख्यतः या वंध्य केसरदलांच्या रुंदीचा होता.

कर्दळीचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण व उपोष्ण प्रदेशात आहे. अँडीज पर्वताच्या परिसरात तिची एक जात ‘अचिरा’ या नावाने पिष्टमय कंदासाठी फार प्राचीन काळापासून पिकवली जाते. युरोपीय जहाजांचे मार्ग खुले झाल्यावर ती आशियात पोहोचली आणि इतक्या झपाट्याने रानावनात रुळली की, डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथात तिचे वर्णन ‘काटु-बाळा’ या नावाने आले. या ग्रंथाच्या सिद्धतेत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता व त्यांचे नागरी लिपीतील निवेदनही त्यात छापलेले आहे. १७५३ मध्ये कार्ल लिनीअसने तिला ‘कॅना इंडिका’ हे नाव दिले आणि त्यामुळे ती भारतीय असल्याचा समज पुढे पक्का झाला. ही जी रानटी लाल कर्दळ, तिची केसरदले अरुंद असतात, तिला काटेरी दिसणारी बोंडे भरपूर लागतात आणि त्यांतील काळे, गोल व अतिशय टणक बी वर्षानुवर्षे टिकते. तीन घराण्यांपैकी हे पहिले होय.

दुसरे घराणे फ्रान्समध्ये उदयास आले. चिलीमध्ये राजनैतिक सेवेत असलेले तेओदोर आने हे मायदेशी परतल्यानंतर त्यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस कर्दळीच्या संकराला पद्धतशीर आरंभ केला. परंतु त्यांचे लक्ष्य फूल नसून भव्य पाने हे होते. याच सुमारास पोलिश वनस्पतिसंग्राहक यूझेफ वार्शेविच यांनी मध्य अमेरिकेतून आणलेल्या जातीमुळे तांबूस-जांभळ्या पानांचा वारसाही बागेत आला. फुलाला प्राधान्य दिले ते लियाँ येथील क्रोझी यांनी. १८६० च्या दशकापासून त्यांनी ठेंगण्या बांध्याची, रुंद व जाडसर केसरदलांची झाडे निवडत नेली आणि ग्लॅडिओलससारखे ताठ फूल असलेला ‘क्रोझी’ वर्ग तयार केला. तिसरे घराणे इटलीतले आहे. नेपल्सजवळ काम करणाऱ्या कार्ल श्प्रेंगर यांनी १८९० च्या दशकात क्रोझी कर्दळीचा अमेरिकेच्या आग्नेय भागातील ‘कॅना फ्लॅसिडा’ या दलदलीतील पिवळ्या जातीशी संकर करून तळहाताएवढी फुले मिळवली. मात्र फ्लॅसिडाचे नाजूक, जेमतेम एक दिवस टिकणारे फूलही वारशाने सोबत आले, त्यामुळे या ‘इटालियन’ वर्गाची केसरदले जितकी रुंद तितकीच पातळ व लोंबती निपजली. तांबूस पानांची प्रसिद्ध ‘रॉय हुंबेर’ ही याच घराण्यातील होय.

लाल रंगाच्या बाबतीत कर्दळ मुळातच सुदैवी ठरली. डे-लिलीच्या मूळ जाती पिवळ्या व नारिंगी असल्याने गडद लाल रंगासाठी न्यूयॉर्क वनस्पति उद्यानातील आर्लो स्टाउट यांना संकरांच्या अनेक पिढ्या घालवाव्या लागल्या आणि ‘थेरॉन’ ही त्यांची लाल डे-लिली १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. कर्दळीच्या रानटी पूर्वजांतच लाल रंग तयार होता आणि संकरकारांना केवळ फुलाचा आकार वाढवायचा होता.

भारतात हे संकर कोलकात्याच्या अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीत रुजले. विल्यम केरी यांनी १८२० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत सिडनी पर्सी-लँकेस्टर यांनी विसाव्या शतकात कर्दळीचे नवे वाण निर्माण केले. पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति उद्यानात त्रिलोकीनाथ खोशू आणि इंद्रा गुहा यांनी बागेतील कर्दळींच्या उत्पत्तीचा गुणसूत्रांच्या आधारे अभ्यास केला. कर्दळीच्या सामान्य झाडात १८ गुणसूत्रे असतात, तर बागेतील काही वाण त्रिगुणित, म्हणजे २७ गुणसूत्रांचे असून त्यांना बी धरत नाही. असे वाण केवळ कंद फोडूनच वाढवावे लागतात आणि त्यामुळे एका कंदातील विषाणूही बागेतून बागेत जातो. पानावर पिवळ्या रेघा उमटलेले झाड फुकट मिळाले तरी घेऊ नये, याचे कारण हे आहे.

युरोपातील थंडीत हे कंद दर हिवाळ्यात उकरून ठेवावे लागतात. नागपुरात ते बारमाही जमिनीत राहतात, पाणी धरून ठेवणारी काळी माती त्यांना मानवते आणि कसोटी लागते ती एप्रिल-मे महिन्यांतील पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात. घरामागे मोरीचे पाणी जिरते तेथे अळू व केळीबरोबर कर्दळ लावण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागील गुण शास्त्रानेही उपयोगात आणला आहे. १९५८ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले. त्यात खडी-दगडांच्या थरांत पाणवनस्पती लावून त्यांच्या मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांकरवी सांडपाणी शुद्ध केले जाते आणि या वनस्पतींत कर्दळीचाही समावेश आहे.

यावरून निवडीचा निकष स्पष्ट होतो. मोरीच्या किंवा सांडपाण्याच्या जागी अरुंद फुलाची, बोंडे धरणारी रानटी लाल कर्दळ लावावी. दिवसभर ऊन असलेल्या अंगणात हिरव्या पानांची, ताठ व जाडसर फुलाची क्रोझी घराण्यातील कर्दळ घ्यावी. ‘प्रेसिडेंट’ हा तिचा परिचित लाल वाण आहे. तांबूस पानांची, मोठ्या लोंबत्या फुलाची इटालियन कर्दळ मात्र सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशाच ठिकाणी लावावी, कारण पूर्ण सावलीत तिच्या पानांचा तांबूसपणा ओसरतो आणि भर उन्हात तिचे फूल दुपारपर्यंत मलूल होते. रोपावर नावाची चिठ्ठी नसली तरी केसरदल दोन बोटांत धरून त्याची जाडी पाहता येते, आणि नागपूरच्या उन्हासाठी रंगाच्या गडदपणापेक्षा ती जाडीच अधिक भरवशाची खूण आहे.