जेवणाच्या टेबलावरची डॉगफाइट

ऑनलाईन फ्लाईट सिम्युलेटरमध्ये पॅसिफिकचा सामना लागला की निम्मी जनता जपानी झिरो घ्यायला धावते. कारण उघड आहे. झिरो जागच्या जागी फिरल्यासारखं वळतं, पतंगासारखं वर चढतं. समोर ग्रुमन वाइल्डकॅट घेऊन आलेला नवखा गडी त्याच्यामागे वळायला गेला, की दोन चकरांत खलास. मग तो चॅटमध्ये लिहितो की गेम बायस्ड आहे. गेम नाही हो, १९४२ सालच बायस्ड होतं!

आकडे बघा. रिकाम्या झिरोचं वजन साधारण १७०० किलो, इंजिन ९४० हॉर्सपॉवर. वाइल्डकॅट २६५० किलोच्या आसपास आणि १२०० हॉर्सपॉवर. म्हणजे एकेका घोड्याला झिरोत १.८ किलो ओढायचे, वाइल्डकॅटमध्ये २.२. हे वजन वाचवायला जपान्यांनी पायलटच्या पाठीमागचं चिलखत काढलं, गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या टाक्या दिल्या नाहीत. तो हिशोब नंतर चुकता झाला, पण सुरुवातीला मार वाइल्डकॅटवाल्यांनीच खायचा होता.

अमेरिकन नौदलातल्या जिमी थॅचने १९४१ मध्ये झिरोबद्दलचा गुप्त अहवाल वाचला. विमान बदलणं त्याच्या हातात नव्हतं. मग हा माणूस रात्री घरी जेवणाच्या टेबलावर काडेपेटीतल्या काड्या मांडून बसायला लागला. (आपण व्हाईटबोर्डवर चौकोन काढतो, तसंच.) निघालं ते असं: दोन विमानांनी शेजारी-शेजारी उडायचं, मध्ये वळणाच्या घेराइतकं अंतर. प्रत्येकाने आपली नाही, दुसऱ्याची शेपटी बघायची. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनीही एकमेकांकडे वळायचं. शत्रू सावज सोडायला तयार नसतो, तोही मागोमाग वळतो आणि नेमका दुसऱ्याच्या बंदुकांसमोर येतो. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे, रेडिओ लागतच नाही. जोडीदार अचानक आपल्याकडे वळला, हाच सिग्नल.

टेस्टिंगही झकास केलं. थॅचने आपल्या बाजूच्या विमानांची पॉवर मुद्दाम कमी ठेवली आणि हल्ला करायला बुच ओ'हेअरला पूर्ण पॉवर दिली. शिकागोला ज्याच्या नावाच्या विमानतळावर आपले लोक कनेक्टिंग फ्लाईटसाठी धावतात, तोच हा ओ'हेअर. त्याला नीट नेम साधता येईना. थॅचने या डावाला काहीतरी सरकारी नाव दिलं होतं. 'थॅच वीव्ह' हे नाव त्याच्या मित्राने, जिमी फ्लॅटलीने दिलं.

खरी परीक्षा ४ जून १९४२ ला मिडवेला. 'यॉर्कटाऊन'वरच्या १२ डेव्हास्टेटर टॉर्पेडो विमानांच्या राखणीला थॅचची फक्त ६ वाइल्डकॅट होती. त्यातलं एक सुरुवातीलाच पडलं. जोडीने उडणाऱ्या एकाचा रेडिओ बंद, शिवाय त्याला वीव्ह शिकवलेलाच नव्हता. मग थॅचने रॅम डिब नावाच्या नवख्या पोराला बाजूला काढून जोडीदार बनवलं आणि वीव्ह सुरू केला. झिरो येत राहिली, एकेक करून पडतही राहिली.

गेममध्ये एकटं उडणाऱ्यांना हे कधी कळत नाही. वळणाची स्पर्धा वाइल्डकॅटने करायचीच नसते. उंची आणि वेग हातात ठेवायचा आणि कुणीतरी आपल्या शेपटीकडे बघतंय यावर भरवसा ठेवायचा. अनोळखी सर्व्हरवर हा दुसरा भाग जास्त अवघड, असं माझं मत.

झिरो खाली या झटापटीत गुंतलेली असतानाच वरून अमेरिकन डाइव्ह बॉम्बर उतरले आणि काही मिनिटांत अकागी, कागा आणि सोर्यू पेटल्या. थॅचच्या खात्यावर त्या दिवशी तीन झिरो लागली. ज्यांच्या राखणीला तो गेला होता त्या बारा डेव्हास्टेटरपैकी दहा पाडली गेली. उरलेली दोन परतीच्या वाटेवर समुद्रात उतरली.